सूर, मेंदू आणि तांबोळीमामा

तांबोळीमामा कुणालाही भेटले की आधी सलाम नाही, नमस्कार नाही. सरळ त्याच्या डोक्यावर मधल्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग निकाल द्यायचे. "आज आवाज बरा हाय." किंवा, "कुठंतरी सैल झालंय. जेवला न्हाईस का?" पोस्टमन, भाजीवाल्या, आमच्या कॉलनीतले नवे जावई, कुणीही यातून सुटलं नाही. शिरूरच्या कॉलेजात एकदा कार्यक्रमाच्या उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याच्या फेट्यावरही त्यांनी टकटक केली. मधे फेटा आल्यामुळे काही ऐकू आलं नाही, असं त्यांनी माइकवरूनच जाहीर केलं. तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेली नाही.

ही खोड त्यांना नोकरीने लावली होती. बाबूलाल तांबोळी रेल्वेत होते, दौंड स्टेशनात. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन खाली उतरायचं आणि एकेक चाक ठोकत गाडीच्या टोकापर्यंत जायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. डोळ्यांना न दिसणारा तडा कानाला कळतो, यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की नारळ, मडकी, घराच्या भिंती आणि माणसं हे सगळं ते एकाच पद्धतीने तपासायचे. "ठोकल्याबिगर काय कळत न्हाई," हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा तरी यायचं.

त्यांचं आणि आमचं क्वार्टर एका भिंतीचं. माझे वडील पार्सल ऑफिसात होते. मी परकरात होते तेव्हापासून मामा मला बेबी म्हणत आले. पुढे मी मानसशास्त्रात एम. ए. झाले, शिरूरच्या कॉलेजात शिकवायला लागले, रोज सकाळची एसटी धरून दौंडहून शिरूरला जाऊ लागले, तरी मी बेबीच राहिले. माझ्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा. नव्वदच्या दशकातली शिरूरची मुलं तशी सभ्य होती, तोंडावर हसायची नाहीत. फळ्यावर मात्र महिनाभर कुणीतरी 'बेबी मॅडम' लिहून ठेवत होतं.

चाकं ठोकून उरलेल्या वेळात मामा क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराईत त्यांची सगळी रजा खर्च व्हायची. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वराती, साखरपुडे, जत्रा, सगळीकडे त्यांची पार्टी असायची. आणि पार्टीत ढोलकीवर असायचे कवठे येमाईचे बबनआप्पा. आप्पा बागायतदार. ऊस, कांदा, सोसायटीवर दोनदा निवडून आलेले. अशा माणसाने टेम्पोत बसून ढोलकी वाजवत फिरावं हे त्यांच्या भावकीला मुळीच पसंत नव्हतं. आप्पांनी भावकीचं काही ऐकलं नाही. मामांचा सूर वर वर चढत जायचा आणि टोकाला जाऊन एकदम थांबायचा. मग चार मात्रा नुसती ढोलकी. त्या चार मात्रांत मामा नवरानवरीकडे किंवा गर्दीकडे बघायचे नाहीत, फक्त आप्पांच्या हातांकडे बघायचे. लहानपणी मी लग्नाला जायची ती जिलबीसाठी, पण ते बघणं मला जिलबीपेक्षा जास्त आठवतं.

मग आप्पांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुण्याच्या डॉक्टरांनी घरच्यांना समजावण्यासाठी गोळ्यांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे मेंदूचं चित्र काढलं होतं. तो कागद मामांनी मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्यासमोर धरला. डॉक्टर म्हणाले होते की बोलण्याची जागा डाव्या अंगाला असते, तिला इजा झालीय, पण गाण्याची जागा पलीकडेही असते. हे तुझ्या पुस्तकात आहे का, एवढंच मामांना हवं होतं. पुस्तकात होतं. दीड पान, इंग्रजीत. मी ते मराठी करून वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. माझी एसटी त्या दिवशी चुकली.

"बेबी," ते म्हणाले, "म्हंजी मेंदू ह्ये दौंड जंक्शनच हाय की. पुण्याकडची लाईन उखडली म्हणून गाडी रद्द करत्यात व्हय? मनमाडवरनं फिरवून आणत्यात. उशीर व्हतो. पर गाडी येती."

त्या दिवसापासून मामांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आप्पांचं बोलणं गाण्याच्या लाईनवरून फिरवून आणायचं. पण त्यांची रेल्वेची शिस्त अशी की दुरुस्त केलेल्या डब्यात आधी माणसं बसवायची नाहीत, तो रिकामा पळवून बघायचा. आप्पा आधीच नाजूक झालेले, त्यांच्यावर थेट प्रयोग नको. कोणता सूर डोक्याला मानवतो, कोणता त्रास देतो, हे सोमवार ते शनिवार इतरांवर बघायचं आणि रविवारी पास झालेला सूर कवठ्याला न्यायचा. या 'ट्रायल'साठी 'सूर आणि मेंदू: वाजवून दाखवणे व समजावून सांगणे' हा कार्यक्रम जन्माला आला. कापडी फलकावर मामांनी स्वतः रंगाने नाव लिहिलं, आणि त्याखाली मला न विचारता 'शास्त्रीय बाजू: बेबी' असंही लिहिलं.

यामागचं खरं कारण मला आणि मामींनाच ठाऊक होतं. बाकी लोकांना वाटलं की निवृत्ती जवळ आल्यावर माणसाचं असं होतं.

पहिला कार्यक्रम आमच्या कॉलेजात, तोच फेट्याचा. मेंदूची प्रतिकृती महाग म्हणून मामांनी बाजारातून मोठा फ्लॉवर आणला होता. तो टेबलावर ठेवून ते सुरीने एकेक भाग दाखवू लागले. हा बोलण्याचा, हा ऐकण्याचा, हा रागाचा, हा सासूचा. दुसऱ्याच कापाला आतून हिरवी अळी बाहेर आली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. मामा बिलकुल डगमगले नाहीत. सुरीच्या टोकावर अळी धरून म्हणाले, "आन् ही चिंता." त्यानंतर त्यांनी क्लॅरोनेट ओठाला लावलं आणि हॉल असा शांत झाला, जसा माझ्या तासाला कधी झाला नव्हता. फ्लॉवरची संध्याकाळी मामींनी भाजी केली. एक वाटी आमच्याकडेही आली.

कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर प्रत्येकाने एक कागद भरायचा असे. 'आत्ता मन कसे आहे?' आणि पुढे चार चौकोन: गच्च, सैल, रिकामे, ठीक. मी विद्यापीठात शिकलेल्या सगळ्या प्रश्नावल्यांपेक्षा ही बरी होती हे आज कबूल करते. तेव्हा मला तिची लाज वाटायची. लोक चौकोनात खूण करायचे सोडून निबंध लिहायचे. एका गृहस्थाने आधीच्या रकान्यात 'ठीक' आणि नंतरच्या रकान्यात 'एसटी चुकली' असं लिहिलं होतं. मामांनी तोही कागद जपून ठेवला आणि 'त्रास देणारे सूर' या गठ्ठ्यात लावला.

सगळ्यात गाजला तो ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोल्यांतला प्रयोग. लांबून गाड्या घेऊन आलेली माणसं तिथे दुपारी पडलेली असत. थकलेल्या मेंदूवर मंद सुरांचा परिणाम बघायला मामा तिथे जाऊन तासभर वाजवत बसले. परिणाम चोख झाला. सगळे झोपले. वेळ झाली की त्यांना उठवायला यायचा तो माणूसही दारात टेकून ऐकता ऐकता झोपला. एक मालगाडी इंजिन लावून तयार आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. मामांकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी लिहून दिलं, 'सदर झोप हा माझ्या वादनाचा शास्त्रीय परिणाम असून त्याबद्दल मला खेद व समाधान दोन्ही वाटते.' साहेबांनी तो कागद फायलीला न लावता घरी नेला म्हणे, बायकोला दाखवायला.

कारेगावला कारखान्यातल्या कामगारांपुढेही एक कार्यक्रम झाला. तिथल्या अधिकाऱ्याने आधीच विचारलं, याने प्रॉडक्शन वाढेल का. उत्तर म्हणून मामांनी त्याच्या डोक्यावर टकटक केली. कामगारांच्या खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत पोरं बसली होती, कुणी बीडचं, कुणी बिहारचं, पहिल्या शिफ्टहून आलेलं. मामांनी त्यांना सांगितलं, लहानपणी घरात जे गुणगुणलेलं ऐकलं असेल ते सगळ्यांनी एकदम गुणगुणा. चाळीस पोरं, चाळीस चाली. असा गलका झाला की शेजारच्या म्हशी दावं तोडायला लागल्या. मामा त्या गोंधळात फिरून एकेकाच्या तोंडाशी कान नेत होते, आणि ज्याची चाल कानाला लागेल ती तिथल्या तिथे क्लॅरोनेटवर वाजवून त्याला परत देत होते. बिहारच्या एका पोराने नंतर कागदावर हिंदीत लिहिलं, 'पहले ठीक. बाद में रोया. अब ठीक.' तो कागद मामा कित्येक दिवस खिशात घेऊन फिरत होते.

दर रविवारी ते कवठ्याला जायचे. दौंडहून शिरूर, शिरूरला गाडी बदलून कवठे, हातात क्लॅरोनेटची पेटी आणि केळी. आप्पांपुढे बसून त्या आठवड्याचा पास झालेला सूर वाजवायचे. परत आल्यावर आप्पांच्या नावाचा कागद स्वतःच भरायचे. चार चौकोनांतला एकही जमायचा नाही, म्हणून खाली लिहायचे, 'फरक न्हाई.' वर्ष होत आलं तरी तेच. ते कागद ते मला दाखवायचे नाहीत, पण एकदा मामींनी पेटी पुसायला काढली तेव्हा मी पाहिले. सगळ्यांवर तेच दोन शब्द होते आणि अक्षर प्रत्येक वेळी तितकंच नीट.

एका सोमवारी ते माझ्या दारात उभे राहिले. आपण वाजवायला लागलो की आप्पा तोंड भिंतीकडे करतो आणि त्या दिवशी जेवत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि हे चांगलं लक्षण की वाईट, असं विचारलं. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा ढीग होता आणि मला उत्तर देऊन मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, "भावना जाग्या होतायत मामा. चांगलंच आहे." त्यांचा चेहरा उजळला. त्यानंतर जवळजवळ तीन महिने ते दुप्पट उत्साहाने कवठ्याला जाऊन वाजवत राहिले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण या एका वाक्याची मला अजून शरम वाटते.

शेवटी आप्पांचा मुलगा विलास शिरूरच्या बाजाराला आला होता तेव्हा कॉलेजात येऊन मला भेटला. बराच वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला. "मॅडम, मामांना आमी कसं सांगावं? तुमी सांगा. येऊ नका असं आमी म्हणत न्हाई. त्ये यायच्या येळंला आप्पा वाटंकडं बघत बसत्यात. पर ती पिपाणी आणू नका म्हणावं. पिपाणी वाजली की आप्पा दिवसभर तोंडात घास घेत न्हाईत."

निरोप सांगण्याआधी स्वतः बघावं म्हणून त्या रविवारी मी मामांबरोबर गेले. आप्पा पडवीत बाजेवर उशांना टेकून होते. पूर्वीचा एवढा दांडगा माणूस, गोधडीत कुठे संपतो ते कळत नव्हतं. मामांना बघताच त्यांचा अर्धा चेहरा हसला. मामांनी त्यांच्या डोक्यावर हलकेच टकटक केली, बरा आवाज असल्याचं सांगितलं आणि पेटी उघडली. पेटीच्या कड्या वाजल्या तशी आप्पांची मान वळली. इथे मामा शेवटपर्यंत डोळे मिटून वाजवायचे, त्यामुळे आप्पा तोंड कधी आणि का फिरवतात हे त्यांना कधी दिसलंच नसावं. मी बघत होते. सूर चढत गेला, टोकाला जाऊन थांबला, मामांनी सवयीने चार मात्रा मोकळ्या सोडल्या. त्या चार मात्रांत गोधडीखाली आप्पांचा उजवा खांदा उचलायला बघत होता. हात येत नव्हता. आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मामांचा सूर पुन्हा सुरू झाला.

परतीला शिरूर स्टँडवर चहा घेताना मी जे पाहिलं ते आणि विलासचा निरोप त्यांना सांगितला. माझं त्या सोमवारचं उत्तर चुकीचं होतं हेही सांगितलं. मामा बशीतला चहा तसाच धरून बसले होते.

"म्हंजी दर रविवारी मी त्याला हाक मारत हुतो," ते म्हणाले, "आन् त्याला ओ देता येत नव्हती."

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून एकही सूर आला नाही. मामी दोनदा मला विचारून गेल्या की प्रवासात काही झालं का. कामावर मात्र ते जात होते. संध्याकाळी फलाटावरून हातोड्याचा आवाज यायचा, त्यावरून कळायचं.

पुढच्या रविवारी ते निघाले तेव्हा हातात फक्त केळी होती. मी न विचारता बरोबर गेले. त्यांना एकट्याला पाठवायचा मला धीर झाला नाही. या माणसाने शंभर लोकांसमोर उभं राहून सांगितलं होतं की सुराने मेंदू बरा होतो, आणि त्याच सुराने त्याच्या मित्राचं जेवण तोडलं होतं. आता जाऊन काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

ते बाजेच्या कडेला आप्पांना लागून बसले. आप्पांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. मामा बोलत सुटले. पाऊस, कांद्याचा भाव, दौंडला आलेलं नवं इंजिन, मामींचे गुडघे. मग विषय संपले. मामांचे विषय संपलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. लांब कुठेतरी विहिरीवरची मोटार चालू होती, तेवढाच आवाज.

आप्पांचा डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि मामांच्या मांडीवर पडला. मला वाटलं, धीर देतायत. मग त्या हाताने एक ठोका दिला. थांबला. पुन्हा दोन दिले. पुन्हा थांबला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की हा ठेका आहे, त्यांचा नेहमीचा, वरातीचा, फक्त फार सावकाश. ढोलकीवर डाव्या हाताला येतात ते घुमणारे ठोके तेवढे पडत होते आणि उजव्या हाताच्या जागा मोकळ्या राहत होत्या. तेवढ्या जागा ते सोडत होते, बरोबर मोजून, आणि पुढचा ठोका जिथे पडायला हवा तिथेच पाडत होते. सूर अंगावर धावून येत नव्हता, तेव्हा त्यांना त्यांच्या चालीने चालता येत होतं. आप्पांच्या पत्नी चहा घेऊन बाहेर आल्या आणि कपबशा हातात घेऊन तशाच चौकटीत उभ्या राहिल्या.

मला वाटलं, मामा आता दुसऱ्या मांडीवर बोटांनी त्या रिकाम्या जागा भरतील. त्यांनी भरल्या नाहीत. ते हललेच नाहीत. पाय खाली लोंबकळत, कंबर वाकडी, तोंडावर माशी बसलेली, आणि डोळे मित्राच्या हातावर, लग्नांत असायचे तसेच. आप्पा दमायचे, थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. तास झाला, दीड तास झाला. आमची गाडी गेल्याचा हॉर्न आला, तेव्हाही मामांनी मान वळवली नाही. शेवटी आप्पा हात तसाच मांडीवर ठेवून झोपी गेले. त्या दिवशी उठल्यावर ते अर्धी भाकरी आणि दूध जेवले.

वाचा परत आली नाही हे सांगून टाकते. शेवटपर्यंत आली नाही. लाईन फिरून आली ती तेवढीच, डाव्या हातापर्यंत. मामांनी पुढे चार वर्षं, आप्पा गेले तोपर्यंत, एकही रविवार चुकवला नाही. ते तिथे जाऊन मांडी पुढे करून बसायचे.

ठेक्याच्या त्या पहिल्या रविवारी दुपारी पुढची एसटी धरायला आम्ही निघालो, तेव्हा मामांना चालता येईना. पायाला एवढ्या मुंग्या आल्या होत्या की पाऊल टेकताच ते मटकन वाटेच्या कडेला दगडावर बसले. मी म्हटलं, मामा, पाय पसरा, मी चोळून देते, लगेच मोकळा होईल. आणि खाली वाकले.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून ती झाकली. चाळीस वर्षं सगळ्या जगाला हसवणारा हा माणूस रडत होता आणि मी ते बघतेय याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"चोळू नको बेबी," ते म्हणाले. "त्येचा हात हाय अजून आत. राहू दे जरा."